आंगणातला निंब आणि फुकटची तोड

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

"निंब फुकटात छाटून देतो, फक्त लाकूड माझं," या बोलीला हो म्हणू नका. मजुरी लाकडात घेणाऱ्याला झाडात लाकूडच दिसतं. सैपाकघराच्या कवेलूंवर आलेल्या फांद्या मनगटाएवढ्या आहेत, त्यांना कोण विचारतो? पैसा बुंध्याजवळच्या जाड फांद्यांत आहे, म्हणून तो त्याच पाडेल आणि कवेलूंवरची डहाळी जाता जाता तोडेल. मजुरी रोख ठरवा, लाकूड आपल्या घरी राहू द्या. कोणती फांदी कुठे कापायची तिथे आधीच चुन्याची रेघ मारून ठेवा. हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा म्हणजे एका वर्षाची हद्द. त्याच्या पुढे गेलं की झाड साठवलेल्या अन्नावर जगतं आणि खंगतं.

शेंडा तर मुळीच उडवू द्यायचा नाही. निंब चिवट आहे, दोन पावसाळ्यांत पुन्हा डेरेदार दिसतो, त्यामुळे काहीच बिघडलं नाही असं वाटतं. पण शेंडा उडवल्यावर फुटणारे धुमारे वरच्यावरच चिकटलेले असतात, मूळ फांदीसारखे खोल लाकडात रुजलेले नसतात. त्यांच्या खाली कापलेला ठुंठ सडत जातो. चार-पाच वर्षांत धुमारे जाडजूड होतात आणि वैशाखातल्या वावधानात बुडापासून सुटून छपरावर येतात.

कापायची रीत नीट सांगते, कारण बहुतेक नुकसान इथंच होतं. जाड फांदी तीन कापांत उतरवायची. पहिला काप बुंध्यापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, पहिल्यापेक्षा दोन-तीन इंच बाहेर. फांदी इथे मोडते आणि चीर खालच्या कापाशी थांबते. खालचा काप घेतलाच नाही तर फांदी पडताना बुंध्याची साल हातभर ओरबाडत खाली नेते. मग उरलेल्या ठुंठाचा तिसरा काप. फांदी बुंध्याला मिळते तिथे सुरकुतलेला, थोडा फुगीर गळा असतो. त्या गळ्याला लागून, पण बाहेरून कापायचं. गळ्यासकट सपाट कापलं तर झाडाची आडभिंतच जाते, आणि वीतभर ठुंठ ठेवला तर तो वाळून सडतो.

आडभिंत म्हणते त्याला कारण आहे. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आत कोंडतं आणि त्याच्या बाहेर नवं लाकूड चढवत जातं. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी ओंडके उभे चिरून हे दाखवलं. म्हणून निंबाच्या कापावर शेण, डांबर, ऑइलपेंट काही लावायचं नाही, त्याखाली ओल धरते. ढोलीत सिमेंट तर कधीच भरू नका. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, आणि दोघांच्या फटीत पाणी मुरतं.

वेळ माघातली. निंबाची पानगळ सुरू असते आणि नवी पालवी यायची असते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आल्यावर विरळणी केली तर आजवर सावलीत असलेली साल उन्हात भाजून तडकते. पावसाळ्यात ओल्या कापात बुरशी लवकर शिरते. मात्र तडकलेली किंवा वाळकी फांदी डोक्यावर लोंबत असेल तर मुहूर्त पाहू नका. वाळकी फांदी वाऱ्यावाचूनही पडते.

आता वजनाचं. फूटभर जाड आणि दहा फूट लांब ओली फांदी साधारण दोन क्विंटल भरते, म्हणजे सिमेंटच्या चार गोण्या. ती कवेलूंवर सोडून चालणार नाही, दोराने उतरवावी लागते. दोर नायलॉनचा, निदान बोटाएवढा जाड आणि गाठी न मारलेला. काथ्याचा नको. तो वरच्या मजबूत फांदीच्या बेचक्यातून घ्यायचा आणि खाली बुंध्याला दोन-तीन वेढे द्यायचे. घासून वजन वेढ्यांवर येतं, मग एक माणूस सावकाश सोडू शकतो. दोर हाताला गुंडाळून धरणारा माणूस दिसला तर काम तिथेच थांबवा. फांदी सुटली की तो हातासकट वर ओढला जातो.

चेनसॉ आणणारा झाडावर एका हाताने चालवताना किंवा खांद्याच्या वर धरताना दिसला तरी थांबवा. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन चेहऱ्याकडे उसळतं. भुसा मैद्यासारखा बारीक पडत असेल तर साखळी बोथट आहे, आणि बोथट साखळीवर माणूस जोर लावतो. धारदार साखळीतून तांदळाएवढे चुरे पडतात. आई, बघायला येणाऱ्यांना ओट्यावरच बसव. झाड जेवढं उंच, त्याच्या दुपटीएवढी जागा चहूकडे मोकळी पाहिजे.

तारेचं सगळ्यात महत्त्वाचं. "लोडशेडिंग आहे तोवर उरकून घेऊ" हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण लाईट सांगून येत नाही, शिवाय शेजारच्या जनरेटरचा करंटही तारेत उलटा येऊ शकतो. ओली फांदी वीज वाहून नेते. लाईनमनला बोलवा. त्याने डीपीवरून लाईन बंद करून, तपासून, अर्थिंग लावल्यावरच माणूस वर चढेल. धुऱ्याकडच्या, म्हणजे शेताच्या बांधाकडच्या, अकरा केव्हीच्या लाईनखालचं झाड तर तुमचं कामच नव्हे.

धुऱ्यावरच्या आंब्याचं बांडगूळ ओढून काढल्याने जात नाही, त्याची मुळं लाकडात शिरलेली असतात. फांदी बारीक असेल तर बांडगुळाच्या जागेपासून फूटभर मागे, खोडाच्या बाजूला कापा. फळं धरायच्या आधी काढलं तर बरं, चिकट बिया पाखरं पुढच्या झाडाला पुसतात. जाड फांदीवर असेल तर ते तेवढं वरचेवर छाटत राहायचं. आंबा, चिंच, मोह मुळातून तोडायचा विचार कोणी डोक्यात घातला तर आधी परवानगी लागते, १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ही तिन्ही झाडं आहेत.

संत्र्याची गोष्ट वेगळी. तिथे फळं उतरली की सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढायची, इंचभर हिरव्या लाकडासकट, आणि बागेबाहेर नेऊन जाळायची. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कैची औषधात बुडवायची. कापाला काही लावायचं नाही, मग संत्र्याला बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप का, असं बाबा विचारतील. ते जखम भरायला नाही, मातीतून बुंध्यावर चढणाऱ्या डिंक्या रोगाला अडवायला. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत, आणि मग एकत्र ओतायचे. घासलेला विळा मिनिटभर बुडवून पाहा. तांबूस थर आला तर चुना कमी पडला. त्याच दिवशी, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत लावा. आळं दुहेरी ठेवा, पाणी बुंध्याला टेकता कामा नये.

निंबाच्या बुडाशी अळिंबासारखं काही उगवलं आहे का, एका बाजूची माती उचलली आहे का, दोन खोडांच्या अरुंद बेचक्यात चीर आहे का, एवढं पाहून चारी बाजूंनी फोटो पाठवा. बुंध्याशी काठी उभी करून काढा म्हणजे माप कळेल. बाबा, शिडी गोठ्यातच राहू द्या.

तुमची लेक