टॉर्च माझ्या हातात देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

डिफ (डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणारा भाग) बसवून गाडी ताब्यात घेतली तेव्हा मी नुसतं ‘थँक्यू’ म्हणून निघाले. तुमचे हात ग्रीसने भरलेले होते, पुढची गाडी लिफ्टवर चढली होती, आणि मला जे म्हणायचं होतं ते तिथे उभ्या उभ्या म्हणण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. मुद्दामच सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुमच्याकडे येण्याआधी माझा जो पाणउतारा झाला तोही सगळ्यांसमोरच झाला होता.

माझी गाडी तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.६ लिटर इंजिनाची, मागे साधं ओपन डिफरेन्शियल. घट्ट वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना आतलं मागचं चाक हलकं व्हायचं आणि जागच्या जागी फिरायला लागायचं. इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाही. ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं, त्यामुळे पकड सुटलेल्या चाकाला जेवढा झेपेल तेवढाच दुसऱ्याच्या वाट्याला येतो. बाहेरचं चाक रस्त्याला कितीही घट्ट धरून असलं तरी त्याचा उपयोग नाही. यावर उपाय लिमिटेड स्लिप डिफ, म्हणजे एकच चाक मोकाट फिरू न देणारं, इतपत मला माहीत होतं. कोणत्या प्रकारचं घ्यावं आणि माझ्या खिशाला झेपेल असं काय, हे विचारायला मी बाहेर पडले होते.

पहिल्या गॅरेजमध्ये प्रश्न आला, “गाडी चालवतं कोण?” मी म्हटलं, मीच. त्यानंतर ते गृहस्थ माझ्याबरोबर आलेल्या भावाशीच बोलत राहिले. भावाला गाड्यांत काडीचाही रस नाही. त्याच्याकडे बघत त्यांनी प्लेटवालं, म्हणजे आतल्या क्लच प्लेटनी चाकं बांधणारं, टू-वे डिफ सुचवलं. गाडी ट्रॅकवर किती असते, रस्त्यावर किती, पावसात बाहेर काढते का, यातलं काहीही विचारलं नाही. दुसऱ्या ठिकाणी उत्तर तयारच होतं: “स्वस्तात पाहिजे ना? वेल्ड मारून देतो.” वेल्ड केलेलं डिफ म्हणजे दोन्ही चाकं कायमची एकत्र बांधलेली. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ते कापू द्यायचंच नाही. टायर घासतात, हाफ शाफ्टवर (डिफपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांवर) ताण येतो, आणि ओल्या रस्त्यावर मागची बाजू कधी सुटेल याचा भरवसा नाही. रोज कामाला जायच्या गाडीत हे करून द्यायला तो माणूस एका पायावर तयार होता, याचा मला अजूनही राग येतो. तिसऱ्याकडे बाकावर एक डिफ होतं. “लिमिटेड स्लिपच आहे,” म्हणाले. मी म्हटलं, आत बघू द्या. तर म्हणे, “बघून तुम्हाला काय कळणार आहे?”

या सगळ्यानंतर मी तुमच्या दारात आले तेव्हा खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीनेच आले होते.

तुम्ही विचारलंत, “ताई, चाक कुठे फिरतं? वळणात शिरताना, मध्यावर, की बाहेर पडताना?” एवढं विचारून तुम्ही खरोखर ऐकून घेतलंत. मग गाडीखाली वाकलात आणि आधीच्या मालकाने मागे लावलेला जाड अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडी कलू न देणारी दांडी, मला दाखवलात. तो बार वळणात आतलं चाक वर ओढतो. चाकावरचं वजन कमी झालं की ते फिरणारच. “डिफवर पैसे घालण्याआधी हा काढून मूळचा पातळ बार लावून बघा. फरक पडला तर तेवढे पैसे वाचतील,” असं म्हणालात आणि सल्ल्याचे काही घेतले नाहीत. फरक पडला, पण पुरेसा नाही. मी परत आले आणि तेव्हा कुठे तुम्ही डिफचा विषय काढलात.

तुमच्या फळीवर प्लेटवालं एक नवं कोरं डिफ होतं. मी ते घेऊ का म्हणून विचारलंही. तुम्ही म्हणालात, “विकायला मला आवडेल, पण तुमच्या कामाचं नाही.” मग सांगितलंत. प्लेटवाल्याचे तीन प्रकार. वन-वे फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर पकडतं, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना बांधतं. टू-वे पाय काढल्यावरही पकडतं, ते ड्रिफ्ट करणाऱ्याला हवं असतं. वन पॉइंट फाइव्ह या दोघांच्या मधलं. तिन्हींत प्लेट झिजतात, वेगळं अ‍ॅडिटिव्ह घातलेलं ऑइल लागतं आणि कधी ना कधी खोलून पुन्हा बांधावं लागतं. स्पर्धेत उतरणाऱ्याने ते जरूर करावं. अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्या आणि एरवी त्याच गाडीने पावसात घरी येणाऱ्या बाईला टॉर्सेनसारखं गिअरवालं डिफ बरं, कारण ते आवाज न करता काम करतं आणि त्यात झिजणाऱ्या क्लच प्लेट नसतात. विस्कस, म्हणजे घट्ट तेलावर चालणाऱ्या डिफच्या वाटेला जाऊ नका, असंही सांगितलंत. त्यातलं सिलिकॉन तेल काम सुरू करायला आधी चाक फिरायची वाट बघतं आणि जुनं झालं की तेवढंही करत नाही.

टॉर्सेनची मर्यादाही तुम्ही लपवली नाहीत. कमी पकडीचं चाक जेवढं धरेल त्याच्या दोन-अडीच पट टॉर्क ते दुसऱ्या चाकाकडे पाठवू शकतं. “पण चाक हवेत गेलं तर शून्याची अडीच पट शून्यच,” हे तुमचं वाक्य मी आता इतरांना सांगत असते. आधी बार का बदलायला लावलात तेही मला त्या वाक्याने उमगलं. आणि कधी अडकलाच तर ब्रेक हलकासा दाबा, फिरणाऱ्या चाकाला तेवढा विरोध मिळाला की दुसरं चाक ओढायला लागतं, ही युक्तीही तिथेच कळली.

आणि मग तो टॉर्च.

१.८ लिटरच्या एमएक्स-५ मधून काढलेली दोन डिफ तुमच्याकडे होती. बाहेरून अगदी सारखी. त्या गाड्यांपैकी सगळ्यांना टॉर्सेन नसायचं, त्यामुळे १.८ चं आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही. चाकं उचलून एक फिरवून बघायची चाचणी इथे दगा देते, कारण ओपन डिफसारखंच टॉर्सेनमध्येही दुसरं चाक उलट फिरू शकतं. हे सांगून तुम्ही खिशातला टॉर्च काढलात, पुसलात आणि माझ्या हातात दिलात. “मी सांगतो म्हणून मानू नका. हाफ शाफ्ट बसतो त्या भोकातून तुम्हीच बघा.”

मी वाकून बघत होते तेव्हा तुम्ही काहीही बोलला नाहीत. पहिल्यात आडवी पिन दिसली, दुसऱ्यात नव्हती. मी तसं म्हटलं. तुम्ही लगेच ‘बरोबर’ म्हणाला नाहीत, “परत एकदा बघा” म्हणालात. मी परत बघितलं, परत तेच सांगितलं. मग म्हणालात, “पिनवालं ओपन. दुसरं तुमचं.”

काका, तुमच्यासाठी ही रोजचीच गोष्ट असेल. मला मात्र तोवर कुणीही आत बघू दिलं नव्हतं. माल दाखवायला आणि ज्ञान वाटून घ्यायला खरं तर काही खर्च येत नाही. ज्याचा माल खोटा आहे किंवा ज्याला गिऱ्हाईक अडाणी राहिलेलंच बरं वाटतं, त्यालाच अंधार सोयीचा असतो. तुम्ही मला बघायला शिकवलंत, म्हणजे उद्या तुमच्याकडे न येताही मी फसणार नाही एवढी सोय करून दिलीत. स्वतःचा धंदा असलेल्या माणसाने हे करणं मी फार मोठं मानते. कारागीर हुशार असतात, पुष्कळ असतात. समोरच्यालाही डोकं आहे असं धरून चालणारे कमी भेटतात, आणि भेटले की माणूस त्यांना जन्मभर विसरत नाही.

पैशांच्या बाबतीतही तुम्ही सरळ राहिलात. माझ्याच जुन्या डिफमध्ये नवं लिमिटेड स्लिप घालायचं तर बेअरिंग, सील, शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) बदलून क्राऊन-पिनियनचा, म्हणजे डिफमधल्या मुख्य गिअरच्या जोडीचा, बॅकलॅश (दातांमधली फट) पुन्हा जुळवणं, दातांवर रंग लावून ते कुठे टेकतात तो पॅटर्न बघणं, एवढं सगळं आलं. ती मजुरी धरली तर स्वस्त भाग स्वस्त राहत नाही. त्यापेक्षा कारखान्यातच जुळवून आलेलं अख्खं डिफ घेणं फायद्याचं. मात्र माझ्या १.६ चं डिफ आकाराने लहान, म्हणून प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफला ताकद आणणारा दांडा) आणि दोन्ही हाफ शाफ्टही १.८ चेच लागतील, ते सोबत नसतील तर सौदा करू नका, हे तुम्ही आधीच बजावलंत. डिफचा गिअर रेशो ४.३ चा ४.१ होणार, त्याच वेगाला इंजिन ५ टक्क्यांच्या आसपास कमी फिरणार, पिकअप किंचित मंद वाटेल, हेही पैसे घेण्याआधी सांगितलंत. नंतर कळलं असतं तर मी काय करू शकले असते? पण तुम्ही नंतरवर काही ठेवलं नाहीत.

गाडी आता वळणातून बाहेर पडताना मागे बसकण मारते आणि निघते. अ‍ॅक्सिलरेटर लवकर दाबता येतो, आणि दाबल्यावर काय होणार हे पायाला कळतं. ओल्या रस्त्यावरही तिने अजून मला घाबरवलेलं नाही.

दोन कामं आहेत. पिनियनच्या सीलपाशी थोडी ओल दिसतेय, ती दाखवायला आणते. आणि पुढे कधी कुणाचं क्राऊन-पिनियन जुळवायला घ्याल तेव्हा मला कळवा. मला शेजारी उभं राहून पॅटर्न कसा वाचतात ते शिकायचंय.

तुमची कृतज्ञ,
लाल एमएक्स-५ वाली ताई