चि. मृणाल हिस पत्र: शस्त्रक्रिया विभाग आणि संशोधन

सांगली

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

एम.एस. झाल्यावर मिरजेत दवाखाना न थाटता आणखी दोन वर्षे महाविद्यालयाच्या शस्त्रक्रिया विभागातच राहून, मधुमेही रुग्णांच्या न भरणाऱ्या जखमांवर संशोधन करण्याचा तुझा विचार कळला. तुझ्या काकांना तो पटलेला नाही. ऑपरेशन थिएटरपासून दूर राहिले की बसलेला हात जातो, असे ते म्हणतात आणि ते अगदीच खोटे नाही. म्हणून आठवड्यातून एखादा दिवस तरी शस्त्रक्रिया करायला मिळेल, एवढे विभागप्रमुखांशी आधीच बोलून घे. बाकी तुझा निर्णय मला योग्य वाटतो.

आपली अडत हळदीची. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते; आपल्याकडच्या सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे पुढे केल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले, ही गोष्ट बाजारात आजही अभिमानाने सांगितली जाते. परंतु त्या निकालाने ठरले ते एवढेच, की ही कल्पना नवी नाही. हळदीने जखम खरोखर किती भरते, हा प्रश्न तेथे नव्हताच. आता निर्यातीचे खरेदीदार हळदीतल्या करक्युमिन या घटकाचे प्रमाण विचारूनच भाव करतात, आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवर त्याचे चांगले परिणाम दाखवणारे निबंधही उदंड आहेत. मात्र पोटात घेतलेले करक्युमिन रक्तात फारच थोडे उतरते आणि जे उतरते त्याचे शरीर झपाट्याने रूपांतर करून टाकते. आपल्या मालाची बाजू घ्यायचा मोह मलाही होतो, पण पेशींवरचा गुण आणि रुग्णाला येणारा गुण यांच्यामधली ही वाट कोणीतरी चालून पाहायला हवी.

ती सर्जनने चालावी असे मला वाटते, कारण जखम रोज त्याच्यासमोर असते. तूच मागे सांगितले होतेस, की उंदराची जखम मुख्यत्वे कातडी आकसून मिटते, तर माणसाची बव्हंशी नवे ऊतक (टिश्यू) भरून येऊन. त्यामुळे उंदरावर लागू पडलेले औषध माणसाच्या पायावर फसू शकते. ड्रेसिंग करताना कापून टाकलेल्या जखमेच्या कडेचा तुकडा, नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती घेऊन तपासला, तर तेथील पेशी कशाने अडल्या हे माणसाच्याच ऊतकात पाहता येईल.

घाई मात्र करू नकोस. अमेरिकेतले ज्यूडा फोकमन हेही सर्जनच होते. कर्करोगाच्या गाठीला वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात आणि त्या रोखता येतील, हा विचार त्यांनी १९७१ मध्ये मांडला. त्या तत्त्वावरचे बेव्हासिझुमॅब हे औषध मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर व्हायला २००४ साल उजाडले. तुझ्या दोन वर्षांत औषध निघणार नाही, हे काकांना मी समजावीन. तू सुरुवातीलाच संख्याशास्त्रज्ञाला गाठ, किती रुग्ण लागतील ते आधी ठरव, आणि निष्कर्ष अपेक्षेविरुद्ध आला तरी तो छापायचाच, हे मार्गदर्शकांकडून कबूल करून घे.

दिवाळीला येताना संमतीपत्राचा मराठी मसुदा आण. जत-आटपाडीकडचे शेतकरी अडतीवर येतात, त्यांतल्या काहींना मधुमेहही आहे. त्यांना तो वाचून दाखवू आणि जेथे ते अडतील ती वाक्ये तू बदल.

तुझे,
बाबा