कीवर्ड निवडताना आकड्याआधी निकालाचे पान पाहा

महोदय,

‘तुमचे संकेतस्थळ गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ अशी हमी देणाऱ्यांकडून कीवर्डची, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात त्या शब्दांची, लांबलचक यादी विकत घेऊन ती पानापानांवर पेरणारे लोक आजही पुष्कळ आहेत. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवले आहे. क्रमवारी ठरवताना ‘मेटा कीवर्ड्स’ टॅग (पानाच्या कोडमध्ये दडवलेली शब्दांची यादी) आम्ही वापरत नाही, हेही त्यांनी सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. तरीही याद्या खपतात, कारण कीवर्ड निवडायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे फारसे कोणी सांगत नाही.

बहुतेक जण गूगलचे कीवर्ड प्लॅनर उघडतात आणि महिन्याच्या शोधांचा सर्वांत मोठा आकडा असलेला शब्द उचलतात. हे साधन मुळात जाहिरातदारांसाठी आहे. त्यातल्या ‘स्पर्धा’ या रकान्यात त्या शब्दावर किती जाहिरातदार तुटून पडले आहेत ते दिसते. जाहिरातींशिवाय क्रमवारीत वर येणे किती अवघड आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला बहुधा नेमका आकडाही मिळत नाही, ‘१ हजार ते १० हजार’ असा ढोबळ पट्टा मिळतो. शिवाय जवळजवळ सारख्या शब्दांची बेरीज एकत्र दाखवली जाते. उलट, एखाद्या शब्दापुढे आकडाच नसेल तर तो कोणी शोधत नाही असे मुळीच नाही. बारीकसारीक, लांब प्रश्नांची नोंद तिथे अनेकदा नसतेच.

म्हणून आकड्याआधी निकालाचे पान पाहावे. सायकल दुरुस्तीची माहिती देणारे संकेतस्थळ आहे असे धरू. नुसते ‘सायकल’ हा शब्द मोहात पाडणारा आहे, पण तो टाइप करणाऱ्याला सायकल विकत घ्यायची आहे, चित्र हवे आहे की इतिहास, हे कळायला मार्ग नाही. निकालात विक्रीची मोठी संकेतस्थळे आणि ज्ञानकोश दाटीवाटीने बसलेले असतात. तिथे दुरुस्तीचा लेख कितीही चांगला असला तरी शिरकाव कठीण, आणि शिरला तरी वाचक मिळेलच असे नाही. आता ‘गिअर बदलताना सायकलची चेन का पडते’ हा शोध घ्या. विचारणाऱ्याची गरज एकच आहे. तुमच्या जुन्या शोधांची छाप पडू नये म्हणून ब्राउझरची खासगी विंडो उघडून हा शोध द्यावा आणि पहिले दहा निकाल एकेक करून पाहावेत. लेख आहेत, व्हिडिओ आहेत की विक्रीची पाने? लेखांत लिमिट स्क्रू (चेन किती बाजूला सरकू शकते ते ठरवणारा) कुठल्या बाजूला आणि किती फिरवायचा, हे दाखवले आहे की ‘मेकॅनिककडे जा’ म्हणून हात झटकले आहेत? दहाही निकाल व्हिडिओंचेच असतील तर तिथे लेख लिहिण्यात अर्थ नाही. लेख असून उत्तर अर्धवट असेल तर ती जागा तुमची. शोधाच्या चौकटीत आपोआप येणाऱ्या सूचना आणि निकालांच्या तळाचे संबंधित शोधही लिहून घ्यावेत. ‘ड्राइव्हट्रेन’ (पेडलपासून मागच्या चाकापर्यंतची चेन-गिअरची यंत्रणा) हा जाणकारांचा शब्द, लोक ‘चेन पडते’ असेच टाइप करतात. शीर्षकात लोकांचा शब्द हवा. जाणकारांचा मजकुरात ओघाने येईलच.

संकेतस्थळ जुने असेल तर सर्वांत मोलाची यादी फुकट पडून असते, ती सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे तुमचे संकेतस्थळ शोधात कसे दिसते ते सांगणाऱ्या गूगलच्या मोफत साधनात. परफॉर्मन्स अहवालात कालावधी सुरुवातीला ३ महिन्यांचा असतो, तो १६ महिन्यांपर्यंत वाढवता येतो. ‘सरासरी क्रमांक’ सुरू करावा, ८ ते २० या क्रमांकांतले शोध गाळून घ्यावेत आणि ते इम्प्रेशन्सच्या (निकालात किती वेळा दिसलात त्याच्या) उतरत्या क्रमाने लावावेत. या शोधांसाठी गूगल तुम्हाला आधीच दाखवते आहे, फक्त वाचकाच्या नजरेच्या टप्प्याबाहेर. नवी पाने लिहीत सुटण्यापेक्षा आधी यांच्याकडे वळावे, असे आमचे ठाम मत आहे. मात्र या अहवालात फार क्वचित येणारे शोध गोपनीयतेसाठी लपवलेले असतात आणि तक्त्यात १ हजारच ओळी दिसतात. त्यामुळे बेरीज जुळत नाही म्हणून घाबरू नये.

एकेका शोधावर क्लिक करून ‘पेजेस’ पाहावे. एकाच प्रश्नासाठी तुमचीच दोन-तीन पाने आलटून पालटून येत असतील तर ती एकमेकांच्या पायात पाय घालत असतात. चांगल्या पानात बाकीच्यांचा उपयोगी मजकूर घालावा आणि जुन्या पत्त्यांवरून ३०१ रिडायरेक्ट (येणाऱ्याला कायमचे नव्या पत्त्यावर वळवणारी सोय) द्यावा. नुसती पाने उडवली तर त्यांना इतर संकेतस्थळांकडून मिळालेले दुवे वाया जातात. दोन पानांचे हेतू खरोखर वेगळे असतील, तर मात्र त्यांना हात लावू नये.

शब्द पानावर कुठे घालायचा? शीर्षकात (जे निकालात दिसते), पानावरच्या मुख्य मथळ्यात आणि पहिल्या परिच्छेदात एकदा, सहज वाचता येईल असा. ‘शंभर शब्दांत इतक्या वेळा’ या सूत्राला आधार नाही. शब्दांची खोगीरभरती गूगलच्या स्पॅम धोरणातच मोडते. एकवचन-अनेकवचनासाठी किंवा शब्दांची अदलाबदल करून वेगवेगळी पाने काढू नयेत.

बदल केल्याची तारीख नोंदवावी. गूगल पुन्हा पान वाचून जाण्यास काही दिवसांपासून काही आठवडे लागतात, त्यामुळे चौथ्या दिवशी शीर्षक पुन्हा बदलणे म्हणजे कशाचा काय परिणाम झाला हे कधीच न कळणे. हंगामी विषय असेल तर मागच्या महिन्याशी नव्हे, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी. क्रमांक सुधारला पण क्लिक वाढले नाहीत, तर आधी शीर्षक आणि त्याखालचे वर्णन तपासावे. गूगल त्या प्रश्नाचे उत्तर निकालाच्या पानावरच देते आहे का, तेही पाहावे. तसे असेल तर तो शब्द सोडून यादीतल्या पुढच्या शब्दाकडे वळलेले बरे.

– संकेतस्थळांच्या शोधक्रमवारीचे काम करणारे काही वाचक