पेर्गामिनोच्या प्लाझ्मादात्यांना आभाराचं पत्र

प्रिय दात्यांनो,

अर्जेंटिनातल्या तुमच्या पम्पासमध्ये, म्हणजे पेर्गामिनोभोवतीच्या सपाट शेतीप्रदेशात, मका काढणीचे दिवस आणि अर्जेंटाइन हेमोरॅजिक फिव्हरचा (रक्तस्राव घडवणाऱ्या विषाणूजन्य तापाचा) हंगाम एकच, एप्रिल ते जून. गावातले लोक या तापाला रास्त्रोखोंचा आजार म्हणतात. रास्त्रोखो म्हणजे मका काढल्यावर रानात उरतात ती धसकटं. आमच्या भाषेत इतका नेमका शब्द आयता मिळतो, त्यामुळे विद्यार्थ्यांना समजावताना निम्मं काम तिथंच होतं. उरलेलं निम्मं बांधावर होतं. हा ताप आणणारा हुनिन विषाणू वाहणारा कॅलोमिस मस्क्युलिनस हा चिमुकला उंदीर घरापेक्षा कुंपणाकडेच्या, रस्त्याकडेच्या गवतात रमतो. त्याच्या लघवीने, लाळेने माखलेली धूळ श्वासातून जाते किंवा हातावरच्या खरचटण्यातून विषाणू आत शिरतो. म्हणून रुग्णांत रानात राबणारे पुरुष जास्त.

तुम्ही यातून बरे झालात आणि नंतर दुसऱ्या रुग्णांसाठी प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला प्रतिपिंडं असलेला पातळ भाग, द्यायला पुन्हा आलात. त्याबद्दल आभार आहेतच. पण हे पत्र रक्तपेढीत आणि विषाणुशास्त्राच्या वर्गात काम करणाऱ्यांचं आहे, त्यामुळे आभार जरा वेगळ्या गोष्टीचेही आहेत. तुमचा प्लाझ्मा मोजला गेला, आणि तुम्ही तो मोजू दिलात.

उपचार न मिळालेल्या १०० रुग्णांत १५ ते ३० दगावत. डॉ. हुलिओ मैस्तेगी आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत काही रुग्णांना बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा मिळाला, काहींना हा आजार न झालेल्यांचा साधा. कोणाला कोणता, हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. तुमचा प्लाझ्मा मिळालेल्या ९१ जणांत एक गेला, साधा मिळालेल्या ९७ जणांत १६. त्या १६ जणांच्या घरच्यांचेही आभार मानायला हवेत, आणि ते कसे मानायचे हे आम्हाला अजून नीट सुचलेलं नाही.

पुढचा धडा १९८४चा. पिशवी किती मिलिलिटरची यापेक्षा तिच्यात विषाणू निकामी करणारी प्रतिपिंडं किती, हे महत्त्वाचं ठरलं. प्लाझ्माचे मिलिलिटर गुणिले टायटर (प्लाझ्मा किती पट पातळ करूनही विषाणू निकामी करतो तो आकडा), भागिले रुग्णाचं वजन, हा आकडा किलोमागे किमान ३,००० युनिट यायला हवा. ७० किलोच्या माणसाला म्हणजे २,१०,००० युनिट. टायटर ६४० असेल तर साधारण ३३० मिली पुरतो, ३२० असेल तर ६६० मिली लागतो. शंभरच्या आसपासचा असेल तर दोन लिटरच्या वर जावं लागेल, आणि केशवाहिन्या आधीच गळत असलेल्या रुग्णाला इतका द्रव चढवणं म्हणजे फुप्फुसांत पाणी भरण्याला आमंत्रण. त्यात रक्तगट आडवा येतो. ओ गटाचा उत्तम टायटरचा प्लाझ्मा ए गटाच्या रुग्णाला चालत नाही, कारण त्यातली ए-विरोधी प्रतिपिंडं रुग्णाच्याच लाल पेशी फोडतात. म्हणजे फ्रीझर भरलेला दिसतो आणि नेमकी हवी ती पिशवी नसते. प्रत्येक गटाचे पुरेसे दाते लागतात ते यासाठी.

वेळेचंही तसंच. ताप आल्यापासून आठ दिवसांच्या आत दिला तरच उपयोग. प्लाझ्मा रक्तातला विषाणू अडवतो, झालेली नासधूस दुरुस्त करत नाही. पण पहिल्या आठवड्यात हा आजार फ्लूसारखाच वाटतो. मग ओळखायचा कसा? सर्दी-खोकला नाही, हिरड्यांच्या कडा लाल, काखेत बारीक रक्ताचे ठिपके, आणि प्लेटलेट एक लाखाखाली असताना पांढऱ्या पेशीही अडीच हजारांखाली. आमच्याकडे ‘पेशी कमी झाल्या’ म्हटलं की सगळे डेंग्यू म्हणून मोकळे होतात. तुमच्या भागातला डॉक्टर दोन्ही आकडे शेजारी ठेवून, ‘गेल्या दोन आठवड्यांत रानात गेला होतात का?’ असं विचारतो.

प्लाझ्मा निर्धोक नाही, हेही तुमच्याच आकड्यांनी सांगितलं. तो घेऊन बऱ्या झालेल्यांपैकी दहातल्या साधारण एकाला काही आठवड्यांनी पुन्हा ताप, डोकेदुखी, चालताना तोल जाणं असा त्रास होतो. बहुतेकांचा आपोआप ओसरतो. हे लपवलं गेलं नाही, म्हणून आम्ही त्या निष्कर्षांवर विश्वास ठेवतो.

२०२०मध्ये कोविडसाठी आमच्याकडे प्लाझ्माची धावाधाव झाली, तेव्हा हे सगळं आठवायला हवं होतं. आयसीएमआरच्या चाचणीत ३९ रुग्णालयांतले ४६४ रुग्ण होते आणि फायदा दिसला नाही. तेव्हा टायटर आधी मोजण्याची सोय नव्हती, आणि बऱ्याच रुग्णांचा पहिला आठवडा उलटून गेला होता. तुमच्याच देशात वृद्धांना लक्षणं दिसल्यापासून ७२ तासांत जास्त टायटरचा प्लाझ्मा दिला, तेव्हा आजार गंभीर होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

एक गंमत मात्र कडू आहे. १९८८ ते १९९० मध्ये सांता फे प्रांताच्या दक्षिण भागातल्या ६,५०० शेतमजुरांनी याच तापावरच्या कॅन्डिड-१ लशीच्या चाचणीत दंड पुढे केला. आजार झालेल्या २३ जणांतले २२ लस न मिळालेल्या गटातले निघाले. आता ती लस पेर्गामिनोच्या विषाणुरोग संस्थेतच बनते. पण लशीमुळे रुग्ण घटले, की बरे होऊन प्लाझ्मा देणारेही घटतात, आणि सत्तरच्या दशकात बरे झालेल्यांचं रक्तदानाचं वय कधीच उलटलं. लस १५ वर्षांवरच्यांसाठी आहे. बांधावर खेळणाऱ्या पोराला ताप आला, तर डॉक्टर अजूनही तुमचीच पिशवी मागतो.

तुमच्यापैकी जे आजही बोलावल्यावर येतात, दंडाला पट्टा बांधून घेतात आणि टायटर किती आला ते विचारतात, त्यांचे विशेष आभार.

आपले,
महाराष्ट्रातल्या रक्तपेढ्यांत आणि विषाणुशास्त्राच्या वर्गांत काम करणारे काही जण