तुफानच्या डाव्या पायाबद्दल, डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पत्र मात्र मुद्दाम उघड लिहितोय. माथेरान-महाबळेश्वरच्या कुणातरी घोडेवाल्याच्या तबेल्यात आज असाच एखादा घोडा एक पाय पुढे टेकवून उभा असेल, त्याच्या मालकानं वाचावं म्हणून.

तुफान तुमच्याकडे आला तेव्हा 14 महिने लंगडत होता. नाव तुफान, स्वभाव गोगलगायीचा. दुखतंय हे त्यानं दाखवलंच फार उशिरा. गाड्या जिथं थांबतात त्या दस्तुरीवरून बाजारपेठेत जाताना ठीक वाटायचा, पण उतार लागला की पुढचा डावा पाय टेकताना मान वर फेकायचा. घोट्याच्या मागे वर एक फुगवटा, खाली एक, आणि मधे करदोटा आवळून बांधल्यासारखी खाच. ती खाच रोज खरारा करताना माझ्या हाताखालून जात होती.

नाल बदलली, तेल चोळलं. पावसाळ्यात वरचा धंदा बसतो, तेव्हा चार महिने नेरळला मेव्हण्याच्या वाडीत ठेवला. चांगला झाला. दसऱ्याला वर आणला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग दुखण्याची पावडर सुरू केली. चंदीत मिसळून दिली की सरळ चालायचा, आणि सरळ चालतोय म्हणून मी फेऱ्या मारत राहायचो. घरात हप्ते होते, ई-रिक्षा आल्यापासून गिऱ्हाईक वाटलं गेलंय. तुमच्यापुढे हे सगळं कबूल केलं तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत, नुसतं लिहून घेतलंत. ओरडला असतात तर बरं वाटलं असतं.

सल्ले देणारे भरपूर होते. एक म्हातारे म्हणाले, पाय डागून घे. आमच्या वडिलांच्या काळी तेच करायचे. दुसरा म्हणाला, खुराकडची नस कापून टाक, घोड्याला दुखणारच नाही. खरं सांगतो, मी नस कापायचं ठरवूनच तुमच्याकडे आलो होतो.

तुम्ही आधी त्याला फरशीवर दुडक्या चालीनं पळवलात. मग घोटा मिनिटभर दुमडून धरलात आणि पुन्हा पळवलात, तेव्हा तो तीन पायांवर आल्यासारखा पळाला. मग बधिर करायची इंजेक्शनं, खालून वर. पहिलं टाचेजवळ, तरी लंगडतोच. तुम्ही म्हणालात, ‘‘दुखणं खुरात नाहीच. मग तिथली नस कापून काय मिळणार?’’ शेवटचं इंजेक्शन घोट्यामागे, शिरा (रक्ताच्या नव्हेत, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या) ज्या नळीतून सरकतात त्या नळीत दिलंत. थोड्या वेळानं तुफान असा पळाला की मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘‘बरा झाला नाहीये हो. बधिर झालाय.’’ त्या वाक्यानं मला माझी पावडर आठवली.

सोनोग्राफीत तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. घोट्याच्या मागे एक आडवा पट्टा असतो, घड्याळाच्या पट्ट्यासारखा, तो शिरांना जागेवर धरतो. निरोगी घोड्यात तो जेमतेम 2 मिलिमीटर जाड. तुफानचा 5 च्या वर गेला होता. आतली शीर सुजलेली, बाहेरचा पट्टा जाड झालेला, दोघांना मिळून जागा नाही. प्रत्येक पावलाला शीर त्या पट्ट्याखाली घासणार, घासून आणखी सुजणार. विश्रांतीत सूज उतरायची, पट्टा मात्र तसाच आवळलेला राहायचा. चार महिने वाडीत बांधून का भागलं नाही, ते मला त्या पडद्यावर कळलं.

नस कापण्याबद्दल तुम्ही तरीही नीट समजावलंत. टाचेच्या जुनाट दुखण्यात, बाकी उपाय थकल्यावर, ती शस्त्रक्रिया करतात. पण पायाला खिळा लागला तरी घोड्याला कळत नाही, खूर रोज मालकानं तपासायचं, आणि नस पुन्हा जुळूही शकते. ‘‘तुमच्या घोड्यावर लोकांची पोरं बसतात ना?’’ एवढंच विचारलंत.

ऑपरेशनची भीती मला चिरफाडीची नव्हती. घोडा भुलीतून उठताना धडपडून पाय मोडून घेतो, हे ऐकून होतो. भिंतींना गाद्या लावलेल्या त्या खोलीत, दोराचा आधार देत तुमच्या माणसांनी त्याला उठवला तेव्हा मी बाहेर पाठ करून उभा होतो. दुर्बिणीनं, बोटभरही नाहीत अशा छेदांतून तुम्ही तो पट्टा कापला होतात. आतल्या शिरेची कडा थोडी फाटली होती, ती साफ केलीत, आणि तेही लपवलं नाहीत: ‘‘पहिल्यासारखा होईलच असं नाही.’’

तिसऱ्या दिवशी तुम्ही त्याला चालवायला सांगितलंत, आणि मला वाटलं मॅडम घोडा चुकल्या. कापलेला पाय चालवायचा? पण बांधून ठेवला तर आतली शीर आजूबाजूला चिकटते आणि सगळं केलेलं वाया जातं, म्हणून. पाच मिनिटं हातात धरून, मग दहा, मग पंधरा. सहा महिने मेव्हण्याच्या वाडीत सपाटीवर ही चाल केली. दिवाळीचा सीझन गेला, नाताळ गेला. डिसेंबरात मी फोन केला होता, आठवतंय? ‘‘एक शनिवार-रविवार फक्त.’’ तुम्ही ‘‘नाही’’ म्हणालात आणि फोन ठेवलात. त्या ‘‘नाही’’चे आभार सगळ्यात आधी मानायला हवे होते. पत्र लिहायची सवय नाही, म्हणून शेवटी आलं.

बिलाबद्दल लिहू नका म्हणाला होतात, म्हणून लिहीत नाही.

आता तुफान आठवड्यातले चारच दिवस काम करतो, दिवसाला दोन फेऱ्या, पाठीवर फक्त मुलं. पावडरीचा डबा फेकला. खाच बुजली आहे, वरचा फुगवटा थोडा आहे, तो राहील असं तुम्ही म्हणालाच होतात.

व्हिडिओ वेगळा पाठवलाय. लाल मातीच्या उतारावरचा आहे, पेव्हर ब्लॉकवर त्याला नेतच नाही. शेवटच्या वळणावर डावा पाय जरा आखडल्यासारखा पडतो, की माझेच डोळे आता तसे झालेत, ते बघून सांगा. सोनोग्राफीला पुढच्या महिन्यात आणतो.

आपला,
तुफानचा मालक
माथेरान