रांगोळ्या पुरे, कारखान्याच्या गेटवर या

मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा निवडणूक अधिकारी, नाशिक यांस,

स. न. वि. वि.

निवडणूक लागली की पथनाट्यं, रांगोळ्या, शाळकरी पोरांच्या प्रभातफेऱ्या सुरू होतात. त्यात वाईट काही नाही. पण न येणारा मतदार आळशी आहे, त्याला हलवून जागं केलं की येईल, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. मला ते पटत नाही.

20 मे 2024 चंच घ्या. एकाच दिवशी, एकाच उन्हात आपल्या जिल्ह्यात दोन जागांचं मतदान झालं. दिंडोरीत जवळपास 67 टक्के, नाशिकला जेमतेम 61. दिंडोरीतल्या निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याला बूथवर काही रांगोळीनं आणलं नव्हतं. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली होती. ती उठली मतदानाच्या तोंडावर, मे महिन्यात, तीही 40 टक्के शुल्क ठेवून. लासलगावला ट्रॅक्टर लावणाऱ्याला आपलं मत कुठे जाऊन लागतं, ते पक्कं ठाऊक होतं. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या खासदार तिथे पडल्या.

शहरातलं दुखणं निराळं. सिडकोत माझी खानावळ आहे, जेवायला बहुतेक अंबडच्या कारखान्यांतली कंत्राटी पोरं. मतदानाच्या दुपारीही पंगत भरलेली. एकाला हटकलं, तर त्यानं पाकिटातून मतदान ओळखपत्र काढून ताटाशेजारी ठेवलं. पत्ता शिंदखेड्याचा. तिथेही त्याच दिवशी मतदान होतं, पण जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दोन खाडे. मतदानाला भरपगारी सुट्टी द्यावी असा कायदा आहे, अगदी रोजंदारीवाल्यालाही. न देणाऱ्या मालकाला दंड जास्तीत जास्त 500 रुपये! ठेकेदार हसत भरेल.

मग यादीतलं नाव इथे का आणत नाहीस, असं विचारलं. नमुना 8, म्हणजे पत्ताबदलाचा अर्ज, भरला की येतं, हे त्याला माहीत होतं. पण वीजबिल घरमालकाच्या नावावर, मालक भाडेकरार कागदावर करत नाही आणि अकरा महिन्यांनी खोली बदलते. कागद नसला तर प्रत्यक्ष पडताळणी करून नाव घेता येतं, ही सोय अर्जातच छापलेली आहे. ती मात्र त्याला कुणी सांगितलेली नव्हती. शिवाय बीएलओ, म्हणजे घरोघरी मतदारयादी तपासणारे कर्मचारी, येतात दिवसा, तेव्हा खोलीला कुलूप.

निवडणूक आयोगानं डिसेंबर 2022 मध्ये स्थलांतरितांना गावी न जाता राहत्या शहरातूनच मत देता यावं म्हणून दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली. पक्षांनी हरकती घेतल्या, ते अडलं. त्यावर आपला इलाज नाही, मान्य.

पण मतदारयादीचं काम आपल्या हातात आहे. येत्या पुनरीक्षणात अंबड-सातपूरला पाळी सुटायच्या वेळी गेटवर टेबल लावा. अर्ज तिथेच भरून घ्या आणि पडताळणीला बीएलओंना रात्री आठनंतर पाठवा. सगळीकडे जमत नसेल तर निदान दोन-चार मोठ्या गेटांवर. जागा हवी असेल तर माझी खानावळ दुपारी चार ते सात रिकामीच असते.

आपला,
सिडकोतील एक खानावळवाला