फलकावर कोण

प्रिय लंबू,

उत्तराला उशीर झाला, शिव्या घालून मोकळा हो. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर बरी.

आता मुद्दा. पुण्यात आपल्या गंज पेठेतल्या चौकात 'पेठेची रत्नं' म्हणून फलक लागणार आहे. मजकूर माझ्या गळ्यात पडला, तू पळालास ना! नियम बापूने घातलाय: ज्यांचा जन्म किंवा मृत्यू पेठेत झाला, तेवढेच. "नाहीतर उद्या कुणीही भाडेकरू घुसेल," म्हणतो. भाडेकरू! आणि कोण बोलतंय बघ.

जोतिराव फुले बसले नियमात; २८ नोव्हेंबर १८९० ला इथल्याच घरात गेले. पण सावित्रीबाई? जन्म नायगावचा, १८३१ चा. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याकडचं आजारी पोर पाठीवर घालून दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात नेलं, त्यातच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. दवाखाना तिकडे हडपसरच्या माळावर, पेठेबाहेर. म्हणजे बाई बाद! जोतिराव गेले तेव्हा टिटवं, म्हणजे प्रेतापुढचं मडकं, कुणी धरायचं यावर भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा स्वतः टिटवं घेऊन नवऱ्याच्या प्रेतापुढे चालली ती बाई, याच गल्लीतून. लहुजी वस्तादही बाद. जन्म पुरंदरच्या पायथ्याशी, समाधी संगमवाडीला. तालीम आपल्या पेठेत, पण तालमीत कुणी जन्मत नाही, असं बापूचं म्हणणं.

तुझे आजोबा मात्र चोख बसतात हं. जन्म इथला, मरण इथलं, मधला सगळा वेळ ओट्यावर तपकीर. घालू का नाव?

हसू नकोस, मला झोप लागत नाहीये. जोतिरावांनी मिठात पुरा म्हणून परसात खड्डा खणून ठेवला होता. वस्तीत पुरायचं नाही, म्हणत नगरपालिकेने परवानगी नाकारली, शेवटी दहन करावं लागलं. नियमाने त्या माणसाला मेल्यावरही सोडलं नाही, आणि आता आपण त्याच्या बायकोला नियम लावतोय. १८६८ मध्ये ज्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्यांच्याच दारात आपण 'तुम्ही इथले का' विचारायचं? बैठकीत हे बोललो तर पोपट म्हणाला, भाषण नको, तीन ओळीत बसव.

माझं म्हणणं साधं आहे. 'पेठेत राहिले, राबले' एवढं नियमात घाला. नाही घातलं तर मी एक अक्षर लिहिणार नाही. पण बापू माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल, मिरवणुकीतल्या त्या भांडणानंतरही. रविवारच्या आत त्याला फोन कर.

पोरीचं ठरलं म्हणे, छान झालं. हप्ते सुरू झाले का? वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता.क. ताशाचे पैसे तूच खाल्लेस असं बापू अजून म्हणतो. फोनवर तो विषय काढू नकोस.